शपथेआधी शुश्रूषा

आज महाशिवरात्र. लातुरात श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. नांदेडास गोदाकाठची शिवालये गजबजतात. याच पुण्यदिनी ‘शंकराचा प्रसाद’ म्हणून कोवळ्या मुलांच्या हाती चिलीम दिली जाते, ही खेदाची गोष्ट होय. शंभूने हलाहल प्राशिले ते लोकरक्षणार्थ, धुंदीसाठी नव्हे.

आम्ही कीर्तनकार व्यसनीस शपथ घालतो. परंतु वर्षानुवर्षांची दारू एकाएकी तुटल्यास झटके येऊन प्राणही जाऊ शकतो. म्हणून शपथेआधी वैद्य हवा. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभारणाऱ्या अवचट दांपत्याने व्यसनीस पापी नव्हे, रुग्ण मानले. कीर्तनकार, पुजारी व यात्रेतील स्वयंसेवकांस हेच शिक्षण द्यावे : बेशुद्धास कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये, तत्काळ दवाखान्यात न्यावे.

घरात कोणी व्यसनी असल्यास त्यास हाकलू नका. नीलकंठाने विषालाही कंठी ठाव दिला.