सवलत आणि जबाबदारी

फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यावर पुन्हा निर्बंध आले. मारेगावातील एखाद्या मंडळाने त्या दिवसांत कबड्डीचे मैदान आखले असते, तर पोलिसांनी सामने बंद पाडले असते, आणि ते योग्यच ठरले असते. एप्रिलमध्ये मात्र मुंबईच्या वानखेडे मैदानावर आयपीएलचे सामने झाले. प्रेक्षक नव्हते, शासनाची परवानगी होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रात्री आठनंतर नागरिकांस संचारबंदी आणि खेळाडूंस सरावाची मुभा, हा न्याय मारेगावच्या मंडळाने कसा समजून घ्यावा? सामन्यांपूर्वीच मैदानावरील काही कर्मचारी बाधित आढळले होते. (रोलर फिरविणाऱ्याचे नाव धावफलकावर नसते!) क्रिकेट नियामक मंडळाने तो इशारा मानावयास हवा होता. अखेर खेळाडूही बाधित झाले आणि साठपैकी २९ सामन्यांनंतर, ४ मे रोजी, स्पर्धा स्थगित करावी लागली.

सवलत मागणाऱ्या संस्थेने मैदानावर राबणाऱ्या प्रत्येकाच्या आरोग्याचा जाब दिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढे कधी साथ आलीच, तर शासनाने हे परवानगीच्या कागदावरच लिहून घ्यावे. मुंबईच्या मंडळाकडून आणि मारेगावच्याही. बाधित कर्मचाऱ्याची विलगीकरणातील मजुरी कोण देणार, तेही त्याच कागदावर असावे.