टोलची सवलत मोटारीला, मालाच्या टेम्पोला का नाही?

मालेगावहून कापडाच्या गाठी घेऊन भिवंडीला निघालेला ट्रक चांदवड, पिंपळगाव, घोटी, पडघा या नाक्यांवर टोल भरतो. परतीत पुन्हा तेच. वाहतूकदार हा पैसा खिशातून देत नाही, भाड्यात धरतो. भाडे ताक्यावर बसते. मुंबईचा खरेदीदार भाव वाढवून देत नाही, म्हणून शेवटी तो कारखानदाराच्या नफ्यातून आणि मजुराच्या मजुरीतून निघतो.

रस्ते सुधारले, हे आम्ही नाकारत नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. कसाऱ्याचा घाट टळतो. टोल मात्र तिथला निराळा. घाईचा माल असेल तरच परवडतो.

आमची तक्रार सवलतीबद्दल आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, ट्रकला नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा वार्षिक पास निघाला, तोही खासगी मोटारींनाच. (लग्नाला जाणाऱ्याला सूट, पोटासाठी जाणाऱ्याला नाही!) छोट्या टेम्पोलाही असा पास द्यावा, हवा तर जास्त दराने. मालेगावला रेल्वे नाही, मनमाड गाठावे लागते. मनमाड-इंदूर मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. पण गाडी येईपर्यंत आम्हाला रस्त्यावाचून इलाज नाही. व्यापारी बांधवांनी फास्टॅगचे वर्षभराचे उतारे काढून ठेवावेत. आमदार-खासदारांकडे रिकाम्या हाताने गेलो, तर फक्त चहा मिळतो.