ब्रेकची नळी आणि घरचीं दोन माणसें

गांवच्या विहिरीचें पाणी सर्वांनीं भरावें, पण गाळ काढण्याची पाळी आली म्हणजे प्रत्येकानें दुसऱ्याकडे पाहावें, असा अनुभव पुष्कळांस असेल. एकत्र कुटुंबांतील मोटारीची गत याहून निराळी नसते. आमच्या घरीं मोटार एक आणि ती चालविणारीं माणसें पांच. पेट्रोल कोणीं भरावें यावर वाद होतो. परंतु गाडीखालीं वाकून पाहण्याचें काम कोणाचें, हा प्रश्न बारा वर्षांत कोणींच काढला नव्हता. तो एका नवरात्रांत आपोआप निघाला.

पाथर्डी तालुक्यांतील मोहटादेवीच्या दर्शनास जाण्याचा बेत होता. डबे भरले होते, मुलें गाडींत बसलीं होतीं. इतक्यांत धाकट्या पुतण्याची नजर मागच्या डाव्या चाकाजवळील फरशीकडे गेली. तेथें बशीएवढा ओला डाग होता. त्यानें बोट लावून पाहिलें व तो म्हणाला, "अण्णाकाका, हें पाणी नव्हे, ब्रेकचें ऑइल आहे." आमचे वडीलबंधु अण्णा म्हणाले, "थोडें गळलें असेल. वरून भर आणि चल. दर्शनास उशीर नको." मींही अण्णांचीच री ओढली, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुतण्यानें वाद न घालतां पेडल दाबून दाखविलें. तें नेहमींपेक्षां पुष्कळ खोल गेलें. नगरहून मोहट्यास जातां-येतां करंजीचा घाट ओलांडावा लागतो. तो आठवतांच मुलें खालीं उतरविलीं आणि सर्व मंडळी एस.टी.नें गेली. १ जून १९४८ रोजीं पहिली एस.टी. नगर-पुणें मार्गावर धावली. त्या नगरकरांच्या जुन्या सोबतिणीनें या दिवशींही आमची लाज राखली.

आतां थोडें यंत्राविषयीं. पेडलवर पाय पडला म्हणजे मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांवाटे चारी चाकांकडे रेटला जातो. द्रव दाबानें आकसत नाहीं, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोंचतो. १९२१ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूझेनबर्ग कंपनीनें चारी चाकांस असे ब्रेक लावून मोटारी काढल्या. तत्त्व आजही तेंच आहे. हल्लींच्या गाड्यांत नळ्यांचीं दोन स्वतंत्र मंडलें असतात. एक निकामी झालें तरी दुसरें काम देतें. परंतु पेडल खोल जातें आणि गाडी थांबण्यास फार अंतर लागतें. सपाटीवर हें निभावेल. घाटांत निभावेल असें कोणीं समजूं नये.

नळी पोलादी असते. तिची जाडी बहुतेक गाड्यांत पावणेपांच मिलिमीटर. नगरची हवा कोरडी म्हणून गंजाचें भय नाहीं, अशी आमची समजूत होती. गाडी उचलून, जॅकवर न विसंबतां खालीं भक्कम स्टँड लावून पाहिलें, तों जेथें नळी पट्टीनें आवळली होती, तेथें कित्येक पावसाळ्यांची काळी माती घट्ट बसली होती. त्या ओलीनें नळी नेमकी तेथेंच खाल्ली होती.

जुने नट साध्या पान्यानें काढूं जातां त्यांच्या कडा झिजतात. म्हणून आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल घालून सकाळीं नटास जवळजवळ चहूं बाजूंनीं धरणारा पाना वापरला. नळी कापून मधलाच तुकडा जोडण्याचा, किंवा पाण्याच्या नळास वापरतात तसला सांधा बसविण्याचा मोह कोणीं धरूं नये. ब्रेकचा दाब तो सोसणार नाहीं. निव्वळ तांब्याची नळीही नको. हादऱ्यांनीं ती तडकते. निकेलमिश्रित तांब्याची चालते. नळीचें तोंड दुहेरी दुमडून फांकविण्यास खास यंत्र लागतें आणि तें घरचें काम नव्हे. जुनी नळी नमुन्यास नेऊन गॅरेजमधून तशीच करून आणली व पूर्वीच्याच मार्गानें बसविली.

खरी कसोटी पुढेंच आहे. नळींत शिरलेली हवा काढावी लागते, कारण हवा दबते आणि पायाचा जोर तीच गिळते. या कामास दोन माणसें हवीं: एक पेडलवर, दुसरें चाकाच्या निपलशीं. पेडलवर अण्णा बसले. खालून पुतण्याचा आवाज येई, "काका, दाबा. धरा." मग तो निपल उघडी, पारदर्शक नळींतून बुडबुडे बाटलींत येत, तो निपल आवळी आणि म्हणे, "आतां सोडा." निपल बंद होण्यापूर्वीं पाय उचलला तर हवा पुन्हां आंत ओढली जाते. ज्यांच्या शब्दावर आमचें घर चालतें, ते अण्णा तासभर एका मुलाच्या शब्दावर पाय उचलीत होते. मास्टर सिलिंडरची टाकी रिती होऊं न देण्याचें काम माझ्याकडे होतें.

ऑइल नेहमीं झांकणावर लिहिलेल्या जातीचें, नव्या बंद डब्यांतलें घ्यावें. हा द्रव हवेंतील ओल शोषतो. डॉट ४ जातीचा ताजा द्रव किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. घाट उतरतांना ब्रेक तापून तो उकळला तर वाफ होते व पेडल पोकळ लागतें. म्हणून सुमारें दोन वर्षांनीं तो बदलावा आणि घाटांत खालचा गिअर ठेवावा. एबीएस असलेल्या कित्येक गाड्यांची हवा काढण्यास विशेष उपकरण लागतें. त्या गॅरेजकडेच न्याव्या.

सांधे कोरडे आहेत आणि पेडल घट्ट लागतें, हें पाहून आम्हीं गाडी प्रथम अंगणांत हळू फिरविली, आणि रस्त्यावर काढण्यापूर्वीं एका जाणत्या मिस्त्रीस घरीं बोलावून सर्व काम दाखविलें.

नव्या जातीच्या मोटारींची कायद्याप्रमाणें परीक्षा घेणाऱ्या ज्या मोजक्या संस्था देशांत आहेत, त्यांपैकीं संरक्षण खात्याची एक आपल्या नगरांतच आहे. परंतु गाडी घरीं आली कीं ही परीक्षा संपली. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेवढ्या अवधींत नोंदणीसाठीं तिचे ब्रेक तपासले जात नाहींत. ती जबाबदारी घराची, आणि घराची म्हणजे नांवानिशीं कोणाची, हें ठरलें नाहीं तर ती कोणाचीच नसते.

आतां आमच्या दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारापुढें एकेकाचें नांव लिहिलेलें असतें. पहिलें नांव अण्णांनीं स्वतःचें लिहिलें. त्या रविवारीं ते सतरंजी घेऊन गाडीखालीं वाकले आणि पुतण्यास म्हणाले, "बाळ, विजेरी धर, कुठें पाहायचें तें मला दाखव."