हवेतील चेंडू



शहरातील कचेऱ्यांतून 'कीपिंग ऑल द बॉल्स इन द एअर' हा इंग्रजी वाक्प्रचार पुष्कळदा कानी पडतो. 'सगळे चेंडू हवेत ठेवणे' हा त्याचा शब्दशः अर्थ. जत्रेतील खेळ्या तीनचार चेंडू एकामागून एक उडवितो आणि एकही भुईवर पडू देत नाही. त्यावरून तो रूढ झाला. एकाच वेळी अनेक कामे सांभाळणाऱ्या माणसाविषयी तो योजितात. शेत, गुरे, मुलांची शाळा आणि आजारी सासूची शुश्रूषा एकटीने पाहणारी गृहिणी सगळे चेंडू हवेत ठेवते, असे म्हणता येईल. त्यात कौतुक असते, तशीच एखादा चेंडू निसटेल ही धास्तीही असते. आपली 'तारेवरची कसरत' याच्या जवळची खरी. परंतु तिचा भर तोलावर, तर याचा भर कामांच्या संख्येवर.

या दोन्ही कसरती प्रत्यक्ष करून दाखविणारे एक संत आपल्या ख्रिस्तसभेत होऊन गेले. ते म्हणजे इटलीतील बेक्की या वाडीत १८१५ साली जन्मलेले संत जॉन बॉस्को. बालपणी जत्रेतील खेळे न्याहाळून ते चेंडू उडविण्यास व दोन झाडांना बांधलेल्या दोरावरून चालण्यास शिकले. रविवारी गावकरी खेळ पाहण्यास जमत. मात्र त्यांना आधी रोझरी म्हणावी लागे आणि मिस्सातील प्रवचनही पुन्हा ऐकावे लागे!

या खेळाचे मर्म साधे आहे. हात दोन आणि चेंडू तीन, म्हणून एक चेंडू सदैव हवेत. खेळ्याची दृष्टी हातावर नसते, चेंडू उंचावून वळतो तेथे असते. चेंडू वाढला की अधिक उंच फेकावे लागते, वा अधिक चपळ व्हावे लागते. आणि त्यालाही सीमा आहे.

ती सीमा संतांच्या मातेने अनुभवली. १८१७ साली पती निवर्तल्यावर माता मार्गारिता हिने शेती, सासू आणि सावत्र मुलासह तीन मुले सांभाळली. पुढे १८४६ साली ती तुरीन शहरी पुत्राच्या अनाथ मुलांची आई झाली. एकदा मुलांनी तिचा भाजीचा मळा तुडविला, तेव्हा ती थकून म्हणाली, मी गावी परत जाते. पुत्राने निमूटपणे भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविले. ती राहिली, आणि १८५६ साली मरेपर्यंत तेथेच राबली. २००६ साली ख्रिस्तसभेने तिला 'वंदनीय' म्हणून घोषित केले.

तिचा त्याग थोर खरा. पण आपण त्यातून सोयीचा अर्थ काढू नये. क्रूस दाखविणे सोपे, तो वाहू लागणे कठीण. वाक्प्रचारातील खेळ्या एकटा असतो. मात्र दोघे खेळे समोरासमोर उभे राहून एकमेकांचे चेंडू झेलू शकतात. आज रात्री जपमाळेनंतर आपल्या घरातील माउलीच्या हाती किती चेंडू आहेत, ते मोजा; आणि त्यांतील एक तरी आपल्या हाती घ्या.