सदुसष्ट मते आणि एक दोरा

१४ मार्च जवळ आला की शाळांतून ‘पाय दिवसा’ची तयारी सुरू होते. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, म्हणून ३/१४. आणि वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की येणारी संख्या सुरू होते ३.१४ ने. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने १९८८ साली ही गंमत सुरू केली. गोल फेरी काढायची आणि शेवटी ‘पाय’ याच उच्चाराचा गोड पदार्थ खायचा, इतकाच थाट. पुढे २००९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने या दिवसाच्या पाठिंब्याचा ठराव केला आणि २०१९ मध्ये युनेस्कोने हीच तारीख आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून ठरवली.

आपल्याकडे बहुतेक वेळा काय होते? एखादे चुणचुणीत मूल व्यासपीठावर येऊन दशांशचिन्हापुढचे शंभर-दोनशे अंक धडाधड म्हणते आणि टाळ्या पडतात. पाठांतराशी माझे वैर नाही, पण त्यात वर्तुळ कुठेच नसते. वर्तुळ हातात न घेता पायविषयी बोलले की काय होते, याची फार मजेदार गोष्ट त्याच अमेरिकेत, त्या ठरावाच्या ११२ वर्षे आधी घडली आहे.

इंडियाना राज्यातल्या सॉलिट्यूड नावाच्या खेड्यात ई. जे. गुडविन नावाचे एक डॉक्टर होते. पट्टी आणि कंपास वापरून वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याची युक्ती आपल्याला सापडली, असे त्यांचे म्हणणे. ही गोष्ट अशक्य आहे हे जर्मन गणिती लिंडेमान यांनी १८८२ मध्येच सिद्ध केले होते. पण डॉक्टरसाहेबांनी आपला शोध थेट विधेयकाच्या रूपात विधिमंडळापुढे नेला. १८९७ चे २४६ क्रमांकाचे विधेयक ते हेच. मसुद्याची भाषा इतकी गोलमाल की त्यातून पायच्या एकाहून अधिक किमती निघतात. सर्वांत ठळक निघते ती ३.२.

विधेयक आधी दलदलीच्या जमिनींची समिती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समितीकडे गेले (हा विनोद माझा नाही), तिथून शिक्षण समितीकडे आणि ५ फेब्रुवारीला कनिष्ठ सभागृहात ६७ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले. योगायोगाने पर्ड्यू विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक सी. ए. वाल्डो त्या वेळी दुसऱ्याच कामासाठी तिथे आले होते. चर्चा ऐकून ते चाट पडले. या विद्वान डॉक्टरांची ओळख करून देऊ का, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा ओळखीतले वेडे मला पुरेसे आहेत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. मग त्यांनी सिनेटच्या सभासदांची शिकवणी घेतली. सिनेटमध्ये हे विधेयक दारूबंदीच्या समितीकडे गेले होते आणि त्या समितीनेही अनुकूल शिफारस केली होती! अखेर १२ फेब्रुवारीला सिनेटने ते बेमुदत पुढे ढकलले. पण तेव्हाच्या वृत्तान्तानुसार, विरोधात बोलणाऱ्यांपैकी कोणीही सिद्धान्त चुकीचा आहे असे म्हटले नाही. हा कायद्याचा विषय नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे.

म्हणजे खरे-खोटे तपासले कोणीच नाही. आणि ते किती सोपे होते! १८९७ मध्ये गावोगावी घोडागाड्या होत्या. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार, मग तो इंडियानाचा असो की आपल्या सांगली-साताऱ्याचा, धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान ठेवतो, तापवून फुगवतो, चढवतो आणि वर पाणी ओततो. मग ती आवळून बसते. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे १५१ इंच भरतो. ३.२ च्या हिशेबाने तो होईल १५३.६ इंच. तेवढी धाव केली तर ती पहिल्याच वळणावर निसटेल. ६७ सभासदांपैकी एकाने जरी बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाभोवती दोरा गुंडाळला असता, तरी काम भागले असते.

हे या सदरात लिहायचे कारण असे की, गुडविन यांची बाजू ज्यावर उभी होती ते सगळे टेकू आजही आपल्या मोबाइलवर रोज येतात. सांगणारे डॉक्टर आहेत. शोध एका गणिताच्या मासिकात छापून आला आहे (आला होता, पण ‘लेखकाच्या विनंतीवरून’ अशा शेऱ्यासह). आणि इतरांना पैसे मोजावे लागतील, आपल्या शाळांना मात्र फुकट! ‘मधुमेह मुळापासून बरा’ करणाऱ्या काढ्याची जाहिरात याहून वेगळी नसते.

मतदानाने काहीच ठरत नाही असे मात्र नाही. किलोग्रॅम कशाला म्हणायचे हे नोव्हेंबर २०१८ मध्ये देशांनी मतदानानेच नव्याने ठरवले. शेर-मण जाऊन किलो आला तोही १९५६ च्या कायद्याने. माप माणसांनी ठरवायचे असते. मापल्यावर काय भरते, ते नाही.

म्हणून यंदा मुलांच्या हातात अंकांच्या यादीऐवजी दोरा आणि परात द्या. ५० सेंटिमीटर व्यासाच्या परातीचा परीघ १५७ भरतो की १६०, हे दुसरीतले मूलही सांगेल. थोड्या मोठ्यांसाठी आगकाड्या. काडीच्या दुप्पट अंतरावर कागदावर समांतर रेघा आखा, काड्या उधळा, एकूण काड्यांना रेघांवर पडलेल्या काड्यांनी भागा. शे-दोनशे काड्यांनंतर उत्तर तीनच्या आसपास घुटमळू लागते. वर्तुळ कुठेच नसताना पाय कुठून आला, हा प्रश्न जेवणाच्या टेबलापर्यंत पुरतो.

जेवणावरून आठवले. आहारतज्ज्ञ ‘दोन पोळ्या’ सांगतात, व्यास सांगत नाहीत. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे जाडी तीच असेल तर २० सेंटिमीटरच्या दोन पोळ्या म्हणजे १५ सेंटिमीटरच्या साडेतीन. तेव्हा एकदा पट्टी घेऊन पोळी मोजाच.

आणि १४ मार्च हुकला तर हळहळू नका. आपण दिवस आधी लिहितो. आपला खरा पाय दिवस २२/७, म्हणजे २२ जुलै. शाळेत शिकलेला हा अपूर्णांक ३.१४ पेक्षा खऱ्या किमतीच्या थोडा अधिक जवळ आहे. अर्थात तोही अंदाजच. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास ३.१४१६ ही किंमत दिली, तेव्हा सोबत ‘आसन्न’, म्हणजे जवळपासची, असा शब्दही जोडला होता. इंडियानाच्या मसुद्यात तसा शब्द नव्हता.