नौका मोजतो, जाळ्याचा आस मोजतो. मासळी कधी मोजणार?

पहाडगंजातील एका मासळीविक्रेत्याच्या बर्फावर परवा पापलेट मांडलेले दिसले, तळहाताहून लहान. फूटपट्टीने एक मोजले, तर शेपटीसह जेमतेम बारा सेंटिमीटर. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरविले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. हा माल कोणत्या किनाऱ्यावरचा, असे विचारले. विक्रेत्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असावे अशी सक्तीही त्याच्यावर कोणी केलेली नाही. त्याच २०२३ च्या सप्टेंबरात आपण या माशाला 'राज्य मासा' हा मान दिला होता.

आपल्या मत्स्यव्यवस्थापनाचे वैगुण्य येथेच आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. परवाने आहेत, आसाचे नियम आहेत, महाराष्ट्रात २०१६ पासून पर्ससीनवर निर्बंध आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नियम काढून प्रवेशपत्र आणले आणि एलईडी मासेमारीस मनाई केली. हे सारे आवश्यकच आहे. परंतु हे सारे 'कोणी, केव्हा, कशाने' एवढेच सांगते; 'किती' हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. नौकांची संख्या तीच ठेवून इंजिन मोठे केले, मासे शोधणारी यंत्रे बसविली, की परवान्याचा कागद न बदलताही समुद्रावरील भार वाढतो.

ही मागणी कोणा पर्यावरणवाद्याची लहर नव्हे. १९८२ च्या सागरी कायदाविषयक संयुक्त राष्ट्र कराराच्या ६१ व्या कलमानुसार किनारी राष्ट्राने आपल्या क्षेत्रातील अनुज्ञेय पकड निश्चित करावयाची आहे. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला. आपण मात्र ५३.१ लाख टन हा देशाचा संभाव्य वार्षिक उत्पादनाचा आकडा पुढे करतो, आणि तोही मर्यादा म्हणून न वाचता 'अजून इतके पकडायचे शिल्लक आहे' असा वाचतो. सर्व जातींची बेरीज पापलेटला वाचवू शकत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा, की उष्ण कटिबंधातील समुद्रात एका जाळ्यात अनेक जाती येतात, म्हणून जातवार कोटा अशक्य. ट्रॉलर आणि डोल जाळ्यांबाबत यात तथ्य आहे. तेथे कोटा लादला तर नको असलेली मासळी मेलेल्या स्थितीत समुद्रात फेकली जाईल. पण पर्ससीनचे काय? ते जाळे बांगड्याचा किंवा तारलीचा थवा पाहूनच टाकले जाते. तेथे हा आक्षेप लंगडा पडतो. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचे जातवार अंदाज अनेक दशके काढीत आली आहे. म्हणजे पाया तयार आहे. उणीव इच्छेची आहे.

दुसरा आक्षेप: तारलीचे चढउतार निसर्गाचेच खेळ आहेत. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. यात समुद्राच्या तापमानाचा व बदलत्या परिस्थितीचा वाटा आहे, हे मान्य. पण ज्या वर्षी निसर्गच हात आखडता घेतो, त्या वर्षी आपण हात मोकळा सोडावा, हे कोणते तर्कशास्त्र? म्हणूनच मर्यादा दरवर्षी नव्याने ठरली पाहिजे.

कोटा म्हणजे रामबाण, असा माझा दावा नाही. कॅनडात कॉड माशाला कोटा होताच. पण साठ्याचा अंदाज फुगलेला होता, आणि १९९२ मध्ये मासेमारीच बंद करावी लागून हजारो लोकांचा रोजगार गेला. आइसलंडने कोटा खरेदी-विक्रीस मोकळा केला आणि तो मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटत गेला. आपल्याला हे दोन्ही धडे फुकट मिळाले आहेत. म्हणून कोटा विकाऊ नसावा. तो सातपाटीसारख्या गावांतील मच्छीमार सहकारी संस्थांच्या नावे असावा, आणि साठ्याचे मूल्यमापन सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध व्हावे.

सुरुवात बांगडा आणि तारली या दोन माशांपासून, फक्त पर्ससीन नौकांवर, उतरणाऱ्या प्रत्येक टनाच्या नोंदीसह करता येईल. पापलेटसाठी, मासा कोठून आला याची पावती दिल्लीच्या बाजारापर्यंत यावी. मत्स्यविज्ञान वा संख्याशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनो, आपल्या प्राध्यापकांना एवढेच विचारा: या वर्षी अरबी समुद्रातून किती बांगडा काढणे सुरक्षित आहे, आणि तो आकडा कायद्यात कोठे लिहिला आहे?