पावसाळ्यात मुलांच्या हाताला काम द्या

पावसाळा सुरू झाला की आंबेनळी घाटात धुके उतरते आणि पायथ्याच्या वाड्यांपासून पोलादपूर-महाडपर्यंत मुले घरात कोंडली जातात. अंगणात चिखल, ओट्यावर पागोळ्या. मग हाती येतो मोबाईल. या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या आया एकच तक्रार करतात, "डॉक्टर, पोरगं मोबाईल सोडत नाही." तो काढून घ्या, हे सांगणे सोपे आहे. पण रिकाम्या झालेल्या हातात काय द्यायचे, हे सांगितल्याखेरीज हा सल्ला अर्धवटच राहतो.

माझे उत्तर आहे, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात ती बारीक रबरी नळी. ही जोडी शोधली अरविंद गुप्ता यांनी. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असताना १९७८ साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या खेड्यातील मुलांसाठी त्यांना हा स्वस्त खेळ सुचला. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कृती सोपी आहे. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापा आणि दोन्ही तोंडांत एकेक काडी खोचा. झाला दोन काड्यांचा सांधा. तुकड्याच्या मध्यावर सुईने भोक पाडून टोक केलेली तिसरी काडी घुसवली की तीन काड्यांचा सांधा होतो. आता मुलाला आधी चौकोन आणि मग त्रिकोण करायला सांगा. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. पत्र्याच्या छपराखालची कैची त्रिकोणांचीच का असते, हे मुलाला न सांगता कळते.

मग घनाकृती. सहा काड्या आणि चार सांधे घेतले की चार त्रिकोणांचा चतुष्फलक उभा राहतो. बारा काड्या आणि आठ सांधे घेतले की घन होतो, पण तो डुगडुगतो. मुलाला कोपरे, बाजू आणि काड्या मोजायला लावा. चतुष्फलकाचे कोपरे ४ आणि बाजू ४, बेरीज ८, काड्या ६. घनाचे कोपरे ८ आणि बाजू ६, बेरीज १४; काड्या १२. दोन्हीकडे बेरीज काड्यांपेक्षा दोनाने जास्त. हा नियम गणितज्ञ ऑयलरचा. मुलाला तो स्वतः सापडल्याचा आनंद होऊ द्या.

यात आरोग्य कुठे आले, असे कोणी विचारील. काडी नळीत खोचताना अंगठा आणि तर्जनीची चिमटी कामाला लागते. पेन्सिल धरायला, शर्टाची गुंडी लावायला हीच चिमटी लागते. काचेवर बोट सरकवून तिला असा व्यायाम मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांच्या आतील मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. अर्थात काड्यांचे कामही डोळ्याजवळचे आहे. म्हणून पाऊस उघडला की मुलांना बाहेर पिटाळा. डोळ्यांना उघड्यावरचा उजेड हवाच.

१८९५ साली जन्मलेले अमेरिकेचे बकमिन्स्टर फुलर यांची नजर लहानपणी अधू होती. बालवाडीत वाटाणे आणि दात कोरायच्या काड्या दिल्या, तेव्हा त्यांनी हाताने चाचपून त्रिकोणांचा मजबूत सांगाडा केला. पुढे त्रिकोण जोडून उभारलेल्या त्यांच्या घुमटांनी ते जगभर प्रसिद्ध झाले. त्या घुमटांवरून सूत्र घेऊन कॅस्पर आणि क्लुग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली गोलसर विषाणूंच्या कवचाची रचना मांडली. पोलिओच्या विषाणूचे कवचही वीस त्रिकोणांच्या घनाकृतीच्या धर्तीवर रचलेले असते. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. दोन थेंब घेतलेल्या मुलाने तीस काड्यांत तो आकार करून पाहावा, यापेक्षा चांगला आरोग्याचा धडा मला सुचत नाही.

आता एक कळकळीची सूचना. गणपतीला येणारे चाकरमानी मुलांसाठी चकचकीत खेळणी आणतात. त्यात हल्ली चुंबकाच्या छोट्या गोळ्या आणि काड्यांचे संच असतात. त्यांचेही सुंदर आकार होतात, पण सुटे, जोरकस चुंबक घरात लहान मूल असेल तर आणूच नयेत. दोन चुंबक पोटात गेले की ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधले आतडे चिमटले जाते आणि त्याला भोक पडते. सुरुवातीला फक्त उलटी आणि पोटदुखी होते, म्हणून घरचे गाफील राहतात. केळे खाऊ घालून शौचाची वाट पाहू नका. चुंबक गिळल्याची शंका आली तरी मुलाला तडक रुग्णालयात न्या आणि एक्स-रे काढून घ्या. अमेरिकेत २०२२ साली अशा चुंबकांच्या विक्रीवर कडक नियम आले. आपल्याकडे पहारा घरच्यांनीच ठेवायचा आहे.

काड्यांनाही पथ्य आहेच. काड्यांचे गूल मोठ्या माणसाने आधी काढून पाण्यात बुडवून टाकावे. नळी मिळाली नाही तर रात्रभर भिजवलेले वाटाणे आणि खराट्याचे हीर वापरा. वाटाणा वाळला की सांधा पक्का होतो. पण तीन वर्षांखालील मुलापासून वाटाणा आणि नळीचे तुकडे दूर ठेवा. ते नाकात अडकतात, घशात गेले तर जीवावर बेतते.

शिक्षकांनाही माझी विनंती आहे. मुसळधार पावसात मैदानाचा तास बुडतोच. तो वर्गात काड्या-नळ्यांना द्या. खर्च थोडा आहे, आणि गुप्तांची पुस्तके व चित्रफिती मराठीतही फुकट मिळतात. पालकांनी येत्या रविवारी अर्धा तास मुलाजवळ बसावे, एक चतुष्फलक करावा आणि तेवढा वेळ आपलाही मोबाईल फडताळात ठेवावा.